दिवा सहाशे, बोअर सात हजार

६००, १,४५०, ७,६५०, ४३० आणि ७,०००. अमरावती जिल्ह्यात, वरूड तालुक्यातल्या शेंदूरजनाघाटच्या एका कुटुंबाला वर्षभर लागणाऱ्या ऊर्जेचे हे पाच आकडे, सगळे युनिटमध्ये. कुटुंब हिशोबापुरतं मानलेलं आहे: घरात पाच माणसं, गावाबाहेर दोन एकर संत्र्याचा बगिचा. पहिला आकडा दिवे, पंखे, टीव्ही आणि मोबाइलचा. दुसरा वर्षभराचा स्वयंपाक गॅसवर केला तर लागणाऱ्या उष्णतेचा, तिसरा तोच स्वयंपाक मातीच्या चुलीवर केला तर जळणाऱ्या सरपणाचा. चौथा पन्नास फुटांच्या विहिरीवरून बगिचा भिजवायला लागणाऱ्या विजेचा, आणि पाचवा तेच पाणी आठशे फुटांच्या बोअरमधून उपसण्याचा.

आकडे कसे आले ते आधी सांगतो, म्हणजे ज्याला पटत नाहीत त्याला ते खोडता येतील. घराचं बिल महिन्याला ५० युनिट धरलं. गॅसची वर्षाला आठ सिलिंडरं, १४.२ किलोच्या एका सिलिंडरमध्ये सुमारे १८१ युनिटइतकी उष्णता असते. सरपण रोजचं पाच किलो, किलोमागे ४.२ युनिट. बगिच्यात सहा बाय सहा मीटरवर एकरी ११० झाडं, म्हणजे दोन एकरांत २२०; एका झाडाला दिवसाला सरासरी ८० लिटर पाणी, आणि पावसाळा आणि बहारासाठी बगिचा ताणावर सोडलेले दिवस वगळून वर्षातले २४० दिवस ओलीत. हे होतं ४२ लाख लिटरांच्या वर. एक हजार लिटर पाणी एक मीटर वर चढवायला किती ऊर्जा लागते ते शाळेच्या भौतिकशास्त्रात आहे. मोटर, पंप आणि पाइपातलं घर्षण धरून त्यातली ४० टक्केच कामी येते असं मानलं, तर आठशे फुटांवरून हजार लिटरला १.६६ युनिट लागतात आणि पन्नास फुटांवरून ०.१०. पाणी तेच, झाडं तीच, खर्च सोळापट.

आता हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून वाचले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. या घराच्या ऊर्जेत दिव्याचा वाटा अगदी लहान आहे. दोन आकडे अवाढव्य आहेत, चुलीचा आणि बोअरचा, आणि दोन्ही मुख्यतः वाया जाण्याचे आकडे आहेत. उघड्या चुलीतली दहा-बारा टक्केच उष्णता भांड्याला लागते, बाकीची धुराबरोबर आणि भिंतीत जाते. गॅसच्या शेगडीत साठ टक्क्यांच्या आसपास कामी येते, म्हणून १,४५० आणि ७,६५० मधून शिजतं तेवढंच. बोअरचंही तसंच. सात हजारांपैकी साडेसहा हजार युनिट झाडासाठी खर्च होत नाहीत, पाणी खाली गेलं म्हणून होतात.

ग्रामीण भागात स्वच्छ ऊर्जा नेणाऱ्या धर्मादाय संस्थांचं काम मात्र वर्षानुवर्षं पहिल्या आकड्याभोवती फिरत आलं आहे. अहवालाच्या मुखपृष्ठावर बहुधा एक मुलगी असते आणि तिच्या चेहऱ्यावर सौर कंदिलाचा उजेड. चुलीपुढचा धूर किंवा उतरत जाणारी पाण्याची पातळी फोटोत नीट येत नाही, हे त्यामागचं एक साधं कारण असावं.

दिव्याला मी कमी लेखत नाही. पहिल्या युनिटची किंमत शेवटच्या युनिटएवढी नसते. रॉकेलच्या चिमणीचा उजेड दहा ल्युमेनच्या आसपास, एक वॉटच्या एलईडीचा शंभर. चिमणी जाऊन एलईडी आला तर घर दसपट उजळतं, आणि तेही दिवसाला एका युनिटच्या शंभराव्या भागात. विदर्भात या प्रश्नावर फार आधी विचार झाला आहे. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा त्याचं काम पाहू लागले. तिथल्या कामातून ‘मगनदीप’ हा दिवा तयार झाला. तो रॉकेलऐवजी खाद्यतेलावर चाले. त्यामागचा हिशोब पैशाचा होता: रॉकेलचा पैसा गावाबाहेर जातो, घाणीच्या तेलाचा गावात राहतो. कुमारप्पांनी दिव्याची परीक्षा त्याच्या उजेडावर केली नाही, त्याचा पैसा कुठे जातो यावर केली. आज सौर कंदील वाटणाऱ्या संस्थेला हाच प्रश्न विचारला तर पुष्कळांची पंचाईत होईल.

मुंबईच्या आयआयटीने २०१४ च्या सुमारास हाती घेतलेल्या सौर अभ्यासदिव्याच्या कार्यक्रमात या प्रश्नाचं अर्धं उत्तर होतं. चार राज्यांतल्या दहा लाख विद्यार्थ्यांना दिवे द्यायचे ठरले. विद्यार्थ्याने १२० रुपये भरायचे, उरलेली रक्कम देणगी आणि अनुदानातून यायची. दिवा जोडायचा गावातल्या माणसांनी आणि बिघडला तर दुरुस्तही त्यांनीच करायचा. पॅनेल बाहेरून येत असलं तरी जोडणीची मजुरी आणि दुरुस्तीची अक्कल तालुक्यात राहत होती. माझ्या दृष्टीने १२० रुपयांपेक्षा तो भाग मोठा.

पण दिव्यामुळे पुढे काय बदलतं? या प्रश्नाचं एक कोरडं उत्तर २०१७ मध्ये ‘सायन्स अ‍ॅडव्हान्सेस’ या नियतकालिकात आलं. उत्तर प्रदेशातल्या बाराबंकी भागात ८१ वस्त्या आणि १,२८१ घरं घेऊन चिठ्ठ्या टाकून प्रयोग केला: काही वस्त्यांना छोट्या सौरजाळ्याची वीज देऊ केली, काहींना नाही. वीज आलेल्या घरांचा रॉकेलवरचा खर्च कमी झाला. बचत, धंदा, कामाचे तास, मुलांचा अभ्यास यांत मात्र नजरेत भरेल असा फरक सापडला नाही. देणगीदारांच्या पत्रकांत हा निष्कर्ष क्वचितच दिसतो. त्याचा अर्थ दिवा निरुपयोगी असा नाही. दिव्याने दिव्याचं काम केलं. त्याच्यावर शिक्षण, रोजगार आणि स्त्री-सक्षमीकरणाचं ओझं आपण घातलं.

शिवाय दिव्याची पोकळी आता आकसली आहे. २८ एप्रिल २०१८ रोजी मणिपूरच्या लेइसांगला वीज पोहोचली आणि देशातलं शेवटचं गाव उजळल्याचं जाहीर झालं. त्या व्याख्येत गावातल्या दहा टक्के घरांना जोडणी असली की गाव विद्युतीकृत ठरत असे, म्हणून त्या घोषणेवर हसणारे हसले. पण सप्टेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या सौभाग्य योजनेतून नंतर २ कोटी ८६ लाख घरांना जोडण्या मिळाल्या, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीज असलेल्या घरांतल्या लोकांचं प्रमाण ९६.८ टक्के निघालं. उरलेले तीन-सव्वातीन टक्के विखुरलेले आहेत. आपल्या जिल्ह्यात ते शोधायचे तर वरूडला न शोधता पश्चिमेला मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याच्या आतल्या कोरकू पाड्यांत शोधावे लागतात. तिथे तार न्यायची तर वनखात्याची परवानगी लागते. नेली तर पावसाळ्यात झाड पडून ती तुटते, आणि लाइनमन येईपर्यंत दिवस जातात. अशा ठिकाणी छोटं सौरजाळं अजूनही शहाणपणाचं आहे.

ते कसं उभारावं याचा धडा पुणे जिल्ह्यातल्या दरेवाडीत आहे. जुलै २०१२ मध्ये पुण्याच्या ‘ग्राम ऊर्जा’ने तिथे ९.४ किलोवॉटचं सौरजाळं उभारलं. पैसा जर्मनीच्या बॉश कंपनीकडून आला. घरं ३९. एका किलोवॉटला दिवसाला चार युनिट धरले तर रोजचे साडेसदतीस, म्हणजे घरामागे एका युनिटला थोडं कमी. आकडा किरकोळ वाटेल, पण घरोघरी मीटर बसले, दर ठरला आणि वसुली व देखभालीसाठी गावकऱ्यांचा ‘वनदेव ग्रामोद्योग न्यास’ उभा राहिला. देणगी यंत्रासाठी होती, विजेसाठी नव्हती. गावाने वीज फुकट घेतली नाही.

याच्या शेजारी बिहारमधलं धरणई ठेवा. जुलै २०१४, ग्रीनपीस, शंभर किलोवॉट; त्यातले सत्तर किलोवॉट घरांसाठी आणि तीस किलोवॉट पंपांसाठी. सुमारे साडेचारशे घरं, तीन कोटींच्या आसपास खर्च. क्षमतेने दरेवाडीच्या दसपट. उद्घाटनालाच लोकांनी आम्हाला ‘असली’ वीज हवी म्हणून सांगितलं. थोड्याच काळात सरकारी तार आली, ती स्वस्त होती आणि तिच्यावर फ्रिज चालत होता. सौरजाळ्याच्या बॅटऱ्या थकल्या, त्या बदलायला पैसा कुणी काढला नाही, आणि काही वर्षांनी तिथे गेलेल्या वार्ताहरांना त्या जागेत गुरं बांधलेली दिसली. शंभर किलोवॉट हा आकडा त्या संस्थेच्या इतिहासात खरा आहे. धरणईच्या वर्तमानात तो शून्य आहे. बसवलेल्या किलोवॉटचा आकडा पाचव्या वर्षी पुन्हा मोजायची पद्धत असती तर असे कितीतरी आकडे गळाले असते.

आता चूल.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि सप्टेंबर २०१९ पर्यंत आठ कोटी जोडण्या झाल्या. जगात एवढ्या वेगाने स्वयंपाकाचं इंधन बदलण्याचा प्रयत्न दुसरीकडे झाल्याचं ऐकिवात नाही. पण जोडणी एकदाच मोजली जाते, सिलिंडर मात्र पुन्हापुन्हा भरावं लागतं. उज्ज्वलाच्या घरांत २०१९-२० साली वर्षाला सरासरी ३.०१ सिलिंडरं भरली गेली. २०२३-२४ मध्ये हा आकडा ३.९५ झाला. आपल्या मानलेल्या घराला आठ लागतात. म्हणजे सरासरी उज्ज्वला घरातला निम्मा स्वयंपाक अजून चुलीवर आहे. २०१९-२१ च्या त्याच आरोग्य पाहणीत ग्रामीण भारतात स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणाऱ्या घरांतली लोकसंख्या ४३.२ टक्के होती, शहरांत ८९.७. विजेतली पोकळी तीन टक्क्यांवर आली असताना चुलीतली निम्म्याच्या वर राहिली.

वऱ्हाडात याचं कारण शोधायला पाहणी लागत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये कपाशी उलंगली की बांधावर पऱ्हाट्यांचे ढीग लागतात, तुरीच्या तुराट्या असतात, गोवऱ्या असतात. त्यांना पैसा पडत नाही; पडतो तो बाईचा वेळ आणि तिची फुप्फुसं, आणि ते दोन्ही घराच्या वहीत कधी लिहिले जात नाहीत. घरातल्या धुरामुळे जगात २०२० साली ३२ लाख माणसं दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे.

चूल सुधारण्याचे प्रयत्न जुने आहेत. केंद्र सरकारच्या सुधारित चूल कार्यक्रमातून १९८० च्या दशकापासून २००२ पर्यंत देशात सुमारे साडेतीन कोटी चुली बसल्या, असं कागद सांगतात. संस्थांचा अनुभव काय? ओडिशात ग्रामविकास या संस्थेने बसवलेल्या सुधारित चुलींवर रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी सुमारे २,६०० घरांत चार वर्षं अभ्यास केला. तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षी चुलीपुढच्या बाईच्या श्वासातला धूर कमी झाला. पुढच्या वर्षांत तो फरक पुसला गेला. चिरा पडल्या, धुराड्यात काजळी साचली, ती काढायला कुणी आलं नाही, आणि चूल वापरणंही हळूहळू सुटलं. पहिल्या वर्षी अहवाल लिहिला असता तर यश, चौथ्या वर्षी अपयश, चूल तीच.

महाराष्ट्रात या क्षेत्रात सगळ्यात जास्त डोकं लावलं ते पुण्याच्या ‘आरती’ने, म्हणजे अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने. डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये ही संस्था सुरू केली. ते वनस्पतिशास्त्रज्ञ, त्यामुळे शेतातल्या कचऱ्याकडे त्यांनी इंधन म्हणून पाहिलं. उसाचं पाचट हेक्टरी दहा टनांच्या आसपास निघतं आणि शेतकरी ते पेटवून देतो. आरतीने त्याचा कोळसा करायची भट्टी बनवली आणि २००२ मध्ये ब्रिटनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळवला. २००६ मध्ये तोच पुरस्कार पुन्हा मिळाला, या वेळी आटोपशीर बायोगॅससाठी. शेणाच्या बायोगॅसचा नेहमीचा हिशोब असा की रोज चाळीस किलो शेण टाका आणि ते पचायला चाळीसेक दिवस धरा. कर्वे म्हणाले, शेण हे गाईने आधीच खाऊन संपवलेलं अन्न आहे. जंतूंना सरळ अन्न द्या. पिठूळ किंवा गोड पदार्थ दोन किलो टाकले की अर्धा किलो मिथेन, तेही दिवसभरात, हा त्यांचा दावा. रसायनशास्त्राने तपासलं तर दोन किलो स्टार्चमधून कमाल सहाशे ग्रॅमच्या जवळपास मिथेन निघू शकतो, त्यामुळे दावा शक्यतेच्या आत आहे. अर्धा किलो मिथेन रोज मिळाला तर २६ दिवसांत एका सिलिंडरची उष्णता होते. आपल्या घराला वर्षाला आठ सिलिंडरं पुरतात, म्हणजे रोज सव्वा किलोहून थोडा कमीच कोरडा माल बस्स झाला.

इथे शेंदूरजनाघाटच्या माणसाच्या मनात लगेच फळगळ येते. आंबिया बहाराची संत्री ऑगस्टपासून गळू लागतात, झाडाखाली सडा पडतो, आणि तो उचलून बांधावर फेकणं हेच एक काम होऊन बसतं. गोड फळ, फुकट, ढीगभर: बायोगॅसला याहून चांगलं काय? आकडे मात्र आडवे येतात. संत्र्याच्या गरात साखर दहा टक्क्यांच्या आसपास, बाकी बहुतेक पाणी. सव्वा किलोच्या आसपास कोरड्या मालासाठी रोज बारा किलो गर लागेल, म्हणजे सालीसकट पंधरा किलो फळं. शिवाय साल टाकता येत नाही. सालीच्या तेलातलं लिमोनिन जंतुनाशक आहे, आणि मिथेन करणारे जंतू त्याला फार लवकर बळी पडतात. वरून आंबटपणा, तो मारायला चुना. रोज पंधरा किलो सडकी संत्री सोलायची कुणी, या प्रश्नावर ही सुंदर कल्पना थांबते. थोडी फळं शेणात मिसळून चालतील, सणासुदीचं उरलंसुरलं अन्न चालेल, दाल मिलची चुरी चालेल. पण गळ झाली की गॅस, असं समीकरण मांडून कुणी देणगी मागत असेल तर त्याला आधी सोलणारे हात दाखवायला सांगावं.

पऱ्हाटीचं गणित मात्र जमण्यासारखं आहे. पाचटाच्या भट्टीमागचं तत्त्व तिला लागू पडतं, आणि नागपूरला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेच्या केंद्रात पऱ्हाटीच्या विटा-कांड्या करण्यावर काम झालेलं आहे. बोंडअळी मारायला पऱ्हाट्या शेताबाहेर काढाव्या लागतातच. वरूडपेक्षा हे दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूरच्या कापूसपट्ट्याला जास्त शोभेल.

शेणाच्या बाजूने उदाहरण हवं तर कोकणात जावं लागतं. सिंधुदुर्गात झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने डॉ. प्रसाद देवधर यांच्या पुढाकाराने हजारो घरांत गोबरगॅस पोहोचवला. देशात घरगुती गोबरगॅसची संख्या पन्नास लाखांच्या घरात असल्याचं सांगितलं जातं, आणि बंद पडलेल्या टाक्या आपण सगळ्यांनीच पाहिल्या आहेत. मग सिंधुदुर्गात वेगळं काय झालं? माझ्या मते, संस्था हलली नाही हे. त्याच जिल्ह्यात, त्याच घरांत पुन्हापुन्हा जाणारी माणसं असली की शेगडीचा चोंदलेला बर्नर आठवड्यात सुटतो, आणि बाई चुलीकडे परत जात नाही. ओडिशाच्या अभ्यासातल्या चौथ्या वर्षावर हाच उतारा असावा.

पाचव्या आकड्याकडे येतो. त्याच्यापुढे चूल सोडून बाकीचे तीन पोरखेळ वाटावेत असा तो आहे, आणि वरूड-मोर्शी भागातलं कुठलंही बोलणं शेवटी त्यावरच येतं.

शेंदूरजनाघाट कागदावर नगर परिषदेचं गाव, म्हणजे शहर. ग्रामीण भारताच्या वरच्या टक्केवारीत ते बसतच नाही. पण गावाची ओळख संत्र्याच्या कलमांची. जंबेरीच्या खुंटावर डोळा भरलेली इथली रोपं मध्य प्रदेश, राजस्थानापर्यंत जातात. सातपुड्याच्या पायथ्याच्या या पट्ट्याला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणण्याची हौस जुनी आहे, आणि कॅलिफोर्नियासारखंच इथलं भूजल अतिउपशाच्या यादीत गेलं. विहिरी आटल्या, बोअर आले, बोअर आठशे-हजार फुटांवर गेले. महाराष्ट्राच्या भूजल अधिनियमात, जो २००९ चा आहे आणि २०१४ पासून अमलात आला, साठ मीटरच्या खालच्या विहिरीला खोल विहीर म्हटलं आहे आणि तिच्यावर निर्बंध आहे. साठ मीटर म्हणजे दोनशे फूट. कायदा दोनशेवर उभा, पाइप आठशेवर.

या उपशाच्या विजेचं बिल कोण भरतं? जुलै २०२४ मध्ये जाहीर झालेल्या बळीराजा मोफत वीज योजनेत साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल शासन भरतं. शेतकरी सुमारे ४४ लाख, वर्षाचा भार १४,७६० कोटी. भागाकार केला तर एका शेतकऱ्यामागे सरासरी साडेतेहतीस हजार रुपये वर्षाला. या रकमेपुढे कुठल्याही धर्मादाय संस्थेचं अंदाजपत्रक नखाएवढं. तेव्हा पंपाला वीज देणं हे संस्थेचं काम राहिलेलं नाही, सरकार ते करतंय. आणि ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाचच टक्के भरून सौर पंप मिळतो. रात्रीच्या पाळीला बॅटरी घेऊन बगिच्यात जाणं, पायाखालचा साप, मागचा बिबट्या, यातून सुटका झाली हे लहान सुख नाही.

पण योजनेचा पंप जमिनीवरून ठरतो, खोलीवरून नाही. अडीच एकरापर्यंत तीन अश्वशक्ती, पाचपर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. आपल्या दोन एकरवाल्याला तीनचा पंप आणि सुमारे तीन किलोवॉटची पॅनेलं मिळतील. एप्रिलच्या लख्ख दिवशी त्यातून पंधरा युनिट निघाले असं धरू. पन्नास फुटांच्या विहिरीवर तेवढ्यात जवळपास दीड लाख लिटर पाणी निघेल, गरजेच्या आठपट. आठशे फुटांवरून तेवढ्याच उन्हात नऊ हजार लिटर, आणि गरज १७,६०० ची. सूर्य एकच, योजना एकच. एका बांधावर पाणी पाटाने वाहतं, दुसऱ्यावर निम्मी झाडं सुकतात. विहिरीवाला ते जास्तीचं पाणी शेजाऱ्याला देईल, विकेल किंवा उसाला सोडेल. फुकट ऊन असलेल्या पंपाला बंद करायचं कारण उरत नाही. सौर पंप स्वच्छ आहे यात वाद नाही. तो पाण्याबाबत सोवळा आहे, असं मात्र कुणी समजू नये.

म्हणून वरूड तालुक्यात आजवर ऊर्जेचं सगळ्यात मोठं काम ज्या संस्थेने केलं असं मला वाटतं, तिने ऊर्जा हा शब्दही काढलेला नाही. आमिर खान आणि सत्यजित भटकळ यांच्या पानी फाउंडेशनने २०१६ मध्ये पाणी अडवण्याची पहिली ‘वॉटर कप’ स्पर्धा घेतली, ती तीन तालुक्यांत: साताऱ्यात कोरेगाव, बीडमध्ये अंबाजोगाई आणि अमरावतीत वरूड. ११६ गावं, ४५ दिवस, एप्रिल-मेच्या उन्हात श्रमदान. तिन्ही तालुक्यांत मिळून १,३६८ कोटी लिटरांची साठवणक्षमता तयार झाल्याचं संस्थेने सांगितलं. हा क्षमतेचा आकडा आहे, जमिनीत मुरलेल्या पाण्याचा नाही; चर गाळाने भरतात, पाऊस चुकतो. तरीही विजेच्या बाजूने त्याच्याकडे पाहायला हरकत नाही. आपल्या दोन एकरांच्या बगिच्यात पाण्याची पातळी एक मीटर वर आली की वर्षाला सुमारे २९ युनिट वाचतात. वीस मीटर वर आली तर पावणेसहाशे, म्हणजे घराच्या वर्षभराच्या दिव्याला अगदी थोडेच कमी. पातळी वीस मीटर चढवणं सोपं आहे असं मी म्हणत नाही. कठीण कातळात एका पावसाळ्यात ते होत नाही, आणि शेजारच्याने नवा बोअर घेतला की गेलंच. पण ही बचत पॅनेल न बसवता होते, तिला बॅटरी लागत नाही, आणि ती चोरीला जात नाही.

याचा दुसरा अर्थ असा की या तालुक्यात येणाऱ्या संस्थेने पॅनेल आणि पाणी हे एकाच कागदावर लिहिलं पाहिजे. ठिबक आहे का, विहीर किती फूट, मे महिन्यात पाणी कुठे उभं राहतं, हे तीन रकाने भरल्याशिवाय चौथ्या रकान्यात किलोवॉट लिहू नयेत. आणि ज्या गावाने पाणलोटाचं काम केलं त्याच्या विहिरींना पंप आधी. हे सरकारला जमणार नाही, कारण सरकारला अर्ज आलेल्या प्रत्येकाला सारखं वागवावं लागतं. संस्थेला निवड करता येते. तिचा पैसा थोडा असतो, हेच तिचं बळ.

एक बारीक गोष्ट उरते, आणि ती मला या सगळ्यात जास्त आवडते. संत्र्याचा पंप वर्षातले १२५ दिवस बसून असतो: पावसाळ्यात पाणी नको असतं, आणि बहार धरण्यासाठी बगिचा ताणावर सोडलेला असतो तेव्हाही नको असतं. पॅनेलवर ऊन मात्र पडतच राहतं. ढगाळ दिवस धरून तीन किलोवॉटला रोजचे नऊ युनिट धरले तरी अकराशे युनिट फुकट जातात. केंद्राच्या नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने मान्य केलेला एक बहुउपयोगी कंट्रोलर आहे, ज्यावर त्याच पॅनेलवर पिठाची गिरणी, कडबाकुट्टी किंवा छोटं शीतगृह चालतं. अनुदानाच्या साध्या पंपात तो नसतो. दहा शेजारी बगिच्यांनी असे कंट्रोलर घेतले तर वर्षाला अकरा हजार युनिट होतात, तेही शेतात गिऱ्हाईक नसलेल्या दिवसांत. पंप सरकारने द्यावा, कंट्रोलर संस्थेने, आणि गिरणीचं भाडं कुणी घ्यायचं ते दहा जणांनी पहिल्याच बैठकीत लिहून काढावं. नंतर त्यावरूनच भांडणं होतात.